आठ दिवसांनी परत

मला वाचायला शाळेने शिकवलं असं मी सांगते, पण ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं पत्रकांनी शिकवलं. बाबा बोथच्या बाजाराला गेले की तिथे कोणी कसलंही पत्रक वाटत असो, हात पुढे करायचे. निवडणुकीचं, संपाचं, कापसाच्या भावाचं, वेगळ्या राज्याचं, सप्ताहाचं, कसलंही. त्यांना स्वतःला सहीपुरतंच लिहिता यायचं. घडी घालून टोपीत ठेवलेला कागद ते घरी आल्यावर माझ्यापुढे टाकायचे आणि म्हणायचे, "पाह्य, काय म्हनून राह्यला हा." मी मोठ्याने वाचायची. माय चुलीपुढून मधूनच विचारायची, "मंग? देऊन राह्यले का आपल्याले काई?" बहुतेक वेळा उत्तर नाही असंच असायचं.

त्या वाचनाचा परिणाम असा झाला, की जगात जे काही बिघडतं ते कोणीतरी बिघडवतो आणि त्याला चारचौघांत उघडं पाडलं की ते सुधारतं, अशी माझी लहानपणीच खात्री पटली. कॉलेजात गेल्यावर मी स्वतः पत्रकं लिहायला लागले. कोणतीही गोष्ट हाती आली की पहिला प्रश्न एकच, यात फायदा कोणाचा?

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे आमच्या मोटारीतला एक लाल दिवा.

बाबांनी ती मोटार एका लिलावातून घेतली होती. पांढरी, डिझेलवर चालणारी, दारावर पुसून टाकलेल्या सरकारी अक्षरांची सावली. त्याआधी आमच्याकडे बैलगाडी होती. बैल म्हातारे झाले, एक गेला, दुसरा मामांच्या शेतावर उरलेले दिवस काढायला पाठवला, आणि बाबांनी पन्नाशीत मोटार चालवायला शिकून घेतली. गाडी त्यांच्या हातात फार लवकर बसली. फक्त बोलताना जुनी सवय राहिली. ब्रेक दाबताना तोंडातून "हो, हो" निघायचं, आणि चढावर मोटार दमली की ते स्टिअरिंगवर थाप मारायचे.

मोटार घेतली आणि वर्षभरात जिल्ह्याचे तुकडे झाले. आराखडा निघाला तेव्हापासूनच गावात दुसरा विषय नव्हता. कोणतं गाव कुठे जाणार, कोणत्या कचेरीत जायचं, पहाणीची, म्हणजे सातबाऱ्यासारख्या उताऱ्याची, नक्कल आता कोण देणार? दसऱ्याला एका आदिलाबादचे चार जिल्हे झाले. आम्ही बोथकडचे लोक आदिलाबादेत राहिलो. आत्याचं मुधोळ आणि मायचं माहेर असलेलं भैंसा निर्मलमध्ये गेलं. माय म्हणाली, "मले न इचारता माह्यं माहेर दुसऱ्या जिल्ह्यात टाकलं." तिचं म्हणणं मी जसंच्या तसं एका पत्रकात घातलं. अर्ज फक्त तेलुगूत का, सीमेवरच्या मराठी शेतकऱ्याने वाचायचे कसे, हा त्या पत्रकाचा विषय होता. तेव्हा ते बरंच गाजलं. निदान आमच्या बसस्टँडवर तरी.

त्या दिवसांत आमची मोटार सगळ्या गावाची झाली. कोणाची फाइल निर्मलला गेली म्हणून तिकडे, तिथून ती परत आदिलाबादेला गेली म्हणून तिकडे. बाबा म्हाताऱ्या माणसांना पुढच्या सीटवर बसवायचे आणि मी मागे अर्जांची पिशवी मांडीवर घेऊन. लोकांचे अर्ज वाचून द्यायचं, भरून द्यायचं काम माझं. मी त्या दिवसांत खूप रागावलेली असायची आणि खूप खूशही. दोन्ही एकदम असता येतं, हे मला तेव्हा कळलं.

आणि नेमका तेव्हाच तो दिवा लागला. स्टिअरिंगच्या मागे, बॅटरीचं लहानसं चित्र आणि त्यात लाल उजेड.

बोथच्या रस्त्याला एक गॅरेज आहे. पत्र्याची शेड, पुढे चिंच. तिथल्या मेकॅनिकला सगळे उस्ताद म्हणतात, बाबाही आणि मीही. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून मुठीला कान लावायचा आणि आतलं ऐकायचं, ही त्यांची पद्धत. ते आमच्याशी हैदराबादी हिंदीत बोलायचे, आम्ही त्यांच्याशी आमच्या बोलीत, आणि कोणाचं कधी अडलं नाही. पहिल्या वेळी त्यांनी बॅटरीच्या टोकांवरची पांढरी भुकटी गरम पाण्याने धुतली, तारा घट्ट केल्या, मीटर लावून पाहिलं. त्यांनी मला समजावून सांगितलं, की हा दिवा बॅटरी खराब झाली असं सांगत नाही. बॅटरीत वीज भरली जात नाही, एवढंच सांगतो. वीज भरतो आल्टरनेटर, आल्टरनेटरला फिरवतो बेल्ट, बेल्टला फिरवतं इंजिन. साखळीत कुठेही खोट असली तरी दिवा लागणार. ते मला फार आवडलं. सरकारी कारभार समजावून सांगायला असं चित्र वापरता येईल, असं मनात टिपून ठेवलं.

दिवा विझला. दहा-बारा दिवसांनी पुन्हा लागला.

दुसऱ्या वेळी त्यांनी आल्टरनेटर उघडला, आतले झिजलेले कार्बन बदलले, बेल्टही नवा घातला. जुना बेल्ट कागदात गुंडाळून फळीखाली सारला. निघताना बाबांना म्हणाले, "पटेल, आठ दिन के बाद एक बार लाना." आणि मग भिंतीकडे पाहत आणखी म्हणाले, की बेल्टला कोणी तेल-बिल लावू देऊ नका. बाबांनी मान डोलावली. आठ दिवसांनी आम्ही निर्मलच्या कचेरीत एका म्हातारीचा अर्ज घेऊन उभे होतो. कोण जातंय गॅरेजला? गाडी तर छान चालली होती. पुढच्या आठवड्यात घाटात दिवा लागला, वर इंजिनही तापलं, आणि मागच्या सीटवरच्या तीन माणसांना उतरून सावली शोधावी लागली.

तिसऱ्या वेळी पुन्हा नवा बेल्ट. पुन्हा तेच, आठ दिवसांनी आणा. पुन्हा दिवा.

पहिल्या वेळेपासून मी एक वही ठेवली होती. आता ती काढून वाचली. दिवा कधी लागला, आधी काय झालं, नंतर काय झालं, सगळं लिहिलेलं होतं. माझ्या टिपणांवरून दोन गोष्टी दिसत होत्या. गॅरेजातून आल्यावर चार-पाच दिवस गाडी शहाण्यासारखी वागायची. मग सकाळी सुरू करताना पुढून चिरकल्यासारखा आवाज यायचा. एक-दोन दिवसांनी तो आवाज आपोआप बंद व्हायचा. आणि आवाज बंद झाला की लगेच दिवा. दोन्ही वेळेस हाच क्रम मी स्वतःच्या अक्षरात लिहिला होता. "आवाज बंद. बाबा म्हणतात, आज गाडी गपगार हाय." हे वाक्यसुद्धा लिहिलं होतं. मी ते वाचलं आणि पुढे गेले, कारण मला गुन्हेगार आधीच सापडला होता.

फायदा कोणाचा? गाडी परत परत गॅरेजला आली तर फायदा गॅरेजवाल्याचा. आणि त्याने तर स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं. आठ दिवसांनी आणा. बिघडणार हे त्याला आठ दिवस आधी कसं ठाऊक?

मी एका बैठकीत पत्रक लिहिलं. "बोथच्या वाहनधारकांनो, जागे व्हा." अर्धवट दुरुस्ती हा धंदा कसा झाला आहे, कचेऱ्यांच्या फेऱ्यांनी पिचलेल्या शेतकऱ्याला रस्त्यातही कसं लुबाडलं जातं, आणि आठ दिवसांची ती कबुली, अवतरणचिन्हांत. उस्तादांचं नाव लिहिलं नव्हतं. चिंच लिहिली होती. बोथमध्ये गॅरेजापुढे चिंच एकाच ठिकाणी आहे.

मायला वाचून दाखवलं. ती निवडत होती ते सूप खाली ठेवून म्हणाली, "त्याच्या घरचा चहा पेली ना तू? तवा नाई दिसला चोर?"

मी म्हटलं, चहा आणि तत्त्व वेगळं.

"हो माय. चहा त्यानं देल्ला, तत्त्व तू दे."

ही असली वाक्यं मनावर घ्यायची नाहीत, असा माझा नियम होता. बोथच्या छपाईच्या दुकानात मी दोनशे प्रती काढल्या आणि बाजाराच्या आदल्या दिवशी गठ्ठा घरी आणला. दुकानदाराने पैसे घेताना माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मला वाटलं, भारावला असेल. बाबांना मी फक्त एवढंच सांगितलं, की उद्या उस्तादाचा हिशेब करायचा आहे. ते म्हणाले, "तो मानूस वाईट नाई," आणि झोपायला गेले.

बाजारात पहिली माणसं येतात तेव्हाच हजर राहायचं म्हणून मी त्या दिवशी पहिल्यांदाच बाबांच्या आधी उठायचं ठरवलं. तरी ते माझ्याआधी उठलेच होते. उजाडत होतं. अंगणात मोटारीचं बॉनेट वर होतं आणि बाबा आत वाकले होते. त्यांच्या डाव्या हातात बांबूचा नळा होता.

ज्यांनी बैलगाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. गाडीच्या आसाला घालायचं वंगण, आमच्याकडे त्याला ओंगण म्हणतात, अशा बांबूच्या नळ्यात भरून गाडीखाली टांगतात. एरंडीचं तेल आणि काजळी. चाक कुरकुरलं की काडीला गुंडाळलेली चिंधी त्यात बुडवायची आणि आसाला फिरवायची. कुरकुरणारं चाक घेऊन गावातून जाणं ही आमच्याकडे लाजेची गोष्ट. लोक म्हणतात, याला जनावराची दया नाही.

बाबांनी चिंधी बुडवली आणि बेल्टच्या आतल्या बाजूने हलक्या हाताने फिरवली. लेकराच्या कानात तेल घालावं तशी.

मी विचारलं, "बाबा, हे काय करून राह्यले?"

ते दचकले नाहीत. लपवण्यासारखं काही करतोय, असं त्यांना वाटतच नव्हतं. "कालपासून वरडून राह्यली ना. ओंगण देऊन राह्यलो."

"उस्ताद बोलले होते ना, तेल लावू नका म्हणून?"

"तेल कुठी लावलं? कोनी पोट्टं येऊन तेल सांडल, त्याच्यासाठी बोलला तो." मग माझ्या तोंडाकडे पाहून त्यांचा आवाज जरा खाली आला. "चाक वरडते त आपुन कानात बोटं घालून बसावं का?"

मी आत जाऊन वही आणली. तिथेच मोटारीला टेकून वाचली. चिरकलं, आवाज बंद, दिवा. चिरकलं, आवाज बंद, दिवा. आवाज आपोआप बंद होत नव्हता. पाचला उठणारा एक माणूस तो बंद करत होता, आणि मी सातला उठून नोंद करत होते. ओंगणाने बेल्ट गुळगुळीत व्हायचा, चाकावरून घसरायचा, म्हणून ओरडायचा थांबायचा. घसरला की आल्टरनेटर फिरणार नाही, आणि तो फिरला नाही की बॅटरी भरणार नाही. त्याच बेल्टवरचा पंखाही मंदावणार, म्हणजे इंजिन तापणार. उस्तादांनी मला पूर्ण साखळी समजावून दिली होती. त्या साखळीत आमचं घर येतं, एवढंच मी धरलं नव्हतं.

बाबांना मी हे सगळं सांगितलं.  ते चिंधीकडे बघत म्हणाले, "मंग त्या तीन मान्सायले घाटात मीच उतरवलं."

मग मी पत्रकाचं सांगितलं. ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी हात धोतराला पुसले, टोपी घातली आणि म्हणाले, "चाल. गठ्ठा घे."

बोथपर्यंत दिवा लागलेलाच होता. दोघांनीही त्याकडे पाहिलं नाही. मला भीती उस्तादांच्या रागाची नव्हती. गॅरेजवाल्याचं सगळं काही त्याच्या नावावर चालतं. आज सकाळी मी ते नाव दोनशे हातांत वाटून टाकणार होते आणि संध्याकाळी घरी येऊन समाधानाने झोपणार होते. ही गोष्ट सहन होत नव्हती.

उस्ताद शेड उघडून बसले होते. आम्ही उतरलो तेव्हा ते उठले नाहीत. माझ्या हातातल्या गठ्ठ्याकडे पाहून म्हणाले, "बाँट दिये, या बाकी है?"

छपाईच्या दुकानदाराने आदल्या संध्याकाळीच येऊन त्यांना सगळं वाचून दाखवलं होतं. अर्थातच. एवढ्याशा गावात कागदाची शाई वाळायच्या आधी बातमी पोचते, हे मीच एका पत्रकात लिहिलं होतं.

मी म्हटलं, एकही वाटलं नाही. माझी चूक झाली. दोनच वाक्यांत आटोपलं. लिहिताना मला कधी असं होत नाही.

बाबा पुढे झाले. "उस्ताद, ओंगण मी देत व्हतो."

"मालूम है, पटेल," उस्ताद म्हणाले.

त्यांनी फळीखालून कागदाची दोन भेंडोळी काढली आणि उलगडली. आधीचे दोन्ही बेल्ट. काळे, चकचकीत, आणि एरंडीच्या तेलाचा तो ओळखू येणारा वास. पहिल्या वेळी त्यांना वाटलं होतं की इंजिनातून तेल गळतंय. म्हणून त्यांनी झाकणं तपासली. दुसऱ्या वेळी वास घेतला आणि समजले. त्यांचे वडील बैलगाड्यांची चाकं बनवायचे, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. पण त्या दिवशी गाडीत आमच्या गावची माणसं बसलेली होती, मी वही घेऊन शेजारी उभी होते, तेव्हा म्हाताऱ्या माणसाला तोंडावर कसं सांगायचं? म्हणून ते भिंतीला सांगितलं.

मी विचारलं, मग हे बेल्ट ठेवले कशाला?

 त्यांनी सरळ सांगितलं, "आज पर्चा बँटता, तो ये दोनों बाहर टाँगने पड़ते. नाम का सवाल है, बेटी."

म्हणजे माझ्याकडे दोनशे कागद होते आणि त्यांच्याकडे दोन बेल्ट. फरक इतकाच, की त्यांचा पुरावा खरा होता आणि तरी त्यांनी तो झाकून ठेवला होता. आणि आठ दिवसांची कबुली? तीही त्यांनी स्पष्ट केली, जरा चिडूनच, कारण ती त्यांना सगळ्यांत जास्त लागली होती. नवा बेल्ट चार दिवसांत थोडा ताणला जातो आणि ढिला पडतो. ढिला पडला की चिरकतो. तेव्हा एकदा आणून कसून घ्यायचा, बस. पाच मिनिटांचं काम. ते त्यासाठी कोणाकडून काही घेत नाहीत.

मी गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी वरचा एक कागद उचलला, लांब धरून पाहिला आणि म्हणाले, की अक्षर चांगलं आलंय. मग तो गठ्ठा शेजारच्या चहाच्या टपरीच्या चुलीत गेला. तो मीच घातला, एकेक मूठ करून.

काम दुपारपर्यंत चाललं. बेल्ट ज्या चाकांवरून फिरतो त्यांच्या खाचा उस्तादांनी साबण-सोड्याने धुतल्या, फडक्याने कोरड्या केल्या, नवा बेल्ट चढवला. मग मला बोलावून बेल्टच्या मधोमध अंगठा ठेवायला लावला. दाबला की तो अर्धं बोटभर आत जावा, जास्त नाही, कमी नाही. मीटरवर आकडा चढला. दिवा विझला.

तोवर बाजार भरला होता आणि टपरीवर गर्दी होती. मी बिलाकडे पाहत होते तेवढ्यात बाबा तिकडे गेले. पाहते तर ते दोन्ही काळे बेल्ट गळ्यात घालून बाकावर बसलेले, आणि आमच्याच गावच्या चार माणसांना, त्यांत घाटात उतरावं लागलेले दोघं होते, सगळी गोष्ट सुरुवातीपासून सांगत होते. मी बैल समजून तिला ओंगण देल्लं, उस्तादानं तीन खेपा माह्यं निस्तरलं आन् तोंडातून शब्द काढला नाई. माझ्या पत्रकाबद्दल त्यांनी एक अक्षर सांगितलं नाही. ते मला स्वतःहून सांगावं लागलं. लोक आधी बाबांवर हसले, मग माझ्यावर, आणि दुसरं हसणं बराच वेळ चाललं. पुढे कित्येक महिने आम्ही रस्त्याने गेलो की कोणी ना कोणी ओरडायचं, "पटेल, ओंगण देल्लं का?" बाबा काच खाली करून उत्तर द्यायचे, "नाई बा, डागदरनं बंद केलं."

आठव्या दिवशी आम्ही न चुकता गॅरेजला गेलो. निर्मलला जाणारी दोन माणसं मागे बसली होती, त्यांना बाबांनी सांगितलं, उशीर झाला तरी चालेल. उस्तादांनी बेल्ट कसला. मग पत्र्याचा एक रंगवलेला तुकडा माझ्यापुढे धरला. माझं पत्रक ऐकल्यापासून त्यांच्या मनात होतं, की आठ दिवसांचा अर्थ जर तुझ्यासारख्या शिकलेल्या मुलीला लागला नाही तर बाकीच्यांना कसा लागेल? पाटी लिहून दे. मराठीत आणि तेलुगूत.

मी मान्य केलं आणि लगेच मसुदा सांगायला लागले. बेल्ट का ताणला जातो, ताणल्यावर काय होतं, ग्राहकाने काय काळजी घ्यावी. उस्तादांनी हात वर केला. "पर्चा नहीं. एक लाइन."

मी एकच ओळ लिहिली. नवीन बेल्ट घातल्यावर आठ दिवसांनी गाडी परत आणावी, फुकट कसून मिळेल. आयुष्यात एवढं लहान मी काही लिहिलं नव्हतं. खाली तीच तेलुगूत उतरवली. ब्रश धुवायला घेतला, तेवढ्यात बाबा मागून वाकून म्हणाले, अजून जागा हाय ना.

मी म्हटलं, आहे.

"मंग लिव. बेल्टले ओंगण देऊ नये."

उस्ताद म्हणाले, रहने दो पटेल, अब कौन देता है ओंगण, तुम ही आखिरी. बाबा ऐकेनात. लिहायचं म्हणजे लिहायचं. मागे बसलेल्या दोघांनी खिडकीतून डोकं काढून बाबांची बाजू घेतली. मी ब्रश पुन्हा रंगात बुडवला.